ब्रीदरच्या नळ्या बदलल्यावर वाढलेली रेस

पेट्रोल गाडीच्या इंजिनावरच्या ब्रीदरच्या रबरी नळ्या जुन्या होऊन तडकतात, त्या काढून नव्या बसवल्या जातात, आणि काम चोख झाल्याचे समाधान पुरते मिळण्याआधीच गाडी जागेवर उभी असताना इंजिन पूर्वीपेक्षा जोरात फिरू लागते, हा अनुभव गॅरेजच्या धंद्यात नेहमीचा आहे. गिअर न टाकता आणि ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता इंजिन ज्या गतीने फिरते तिला कंपनीच्या पुस्तकात ‘आयडल’ म्हणतात, तर गॅरेजमध्ये सरसकट ‘रेस’. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन गरम झाल्यावर ही गती मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे असते. ती १,३०० किंवा १,५०० वर जाऊन तिथेच अडकली, अथवा हजार आणि अठराशे यांच्यामध्ये हेलकावे खाऊ लागली, तर दोष आहे हे नक्की समजावे. यवतमाळ जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि वर्षातले अनेक महिने रस्त्यावर काळ्या मातीची धूळ उडत असते, तिथे या साध्या दिसणाऱ्या दोषाचे परिणाम इंजिनाच्या आयुष्यापर्यंत पोहोचतात. नळ्या बदलल्यानंतर रेस वाढते तेव्हा बहुतेक वेळा इंजिनाला अशी हवा मिळू लागलेली असते, जिचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही, आणि म्हणून दुरुस्तीचा आरंभ त्या हवेच्या शोधापासूनच व्हायला हवा.

या नळ्या मुळात कशासाठी असतात हे कळले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाचा स्फोट होतो तेव्हा त्याचा दाब पिस्टनला खाली ढकलतो. परंतु पिस्टनवरच्या कड्या, म्हणजे रिंगा, कितीही नेमक्या बसलेल्या असल्या तरी त्यांच्या फटींतून थोडा वायू खाली निसटतोच. खाली, जिथे क्रँकशाफ्ट फिरतो आणि जिथे तेल साठते, त्या बंदिस्त पोकळीला क्रँककेस म्हणतात, आणि तिथे उतरलेल्या या वायूला ‘ब्लो-बाय’ हे नाव आहे. त्यात न जळलेले पेट्रोल असते, पाण्याची वाफ असते, आणि तेलात मिसळून आम्ल तयार करणारे घटकही असतात. हा वायू बाहेर पडला नाही तर क्रँककेसमध्ये दाब साठतो, तो दाब ऑइल सील आणि टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलतो, आणि ऑइल घट्ट होऊन त्याचा काळा लगदा बनतो. जुन्या काळी क्रँककेसमधून एक उघडी नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असे आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर जाई; गाडी उभी असली की हे वायुवीजनही जवळपास थांबे.

ती उघडी नळी बंद होण्यामागे शहरांच्या हवेचा इतिहास आहे. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसवर पसरणाऱ्या धुरकट, डोळे झोंबवणाऱ्या हवेचे मूळ मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या हायड्रोकार्बन वायूंमध्ये आहे, हे दाखवून दिले. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे एक पंचमांश भाग सायलेन्सरमधून नव्हे तर क्रँककेसच्या त्या उघड्या नळीतून येत होता, म्हणून कॅलिफोर्नियात १९६१ पासून नव्या गाड्यांना आणि १९६३ च्या मॉडेलपासून सक्तीने बंदिस्त वायुवीजन बसवले गेले. भारतातही उत्सर्जनाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. १ एप्रिल २००० पासून आलेले ‘इंडिया २०००’ मानक, पुढची भारत स्टेजची मालिका आणि १ एप्रिल २०२० पासूनचे बीएस-६ या वाटचालीत क्रँककेसचा वायू बाहेर सोडण्यास जागा उरलेली नाही. तो वायू पुन्हा इंजिनात नेऊन जाळणे हाच आता मार्ग आहे. नवीन मॉडेलची तपासणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत इतर चाचण्यांबरोबर हीही बाब पाहिली जाते.

बंदिस्त वायुवीजनात साधारणपणे दोन नळ्या असतात, आणि त्यांच्यातला भेद लक्षात न घेतल्यामुळेच पुढचा घोळ होतो. पहिली नळी एअर फिल्टरच्या पुढून, पण थ्रॉटलच्या आधीच्या भागातून निघून टॅपेट कव्हरवर येते आणि क्रँककेसला स्वच्छ, गाळलेली हवा देते. थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी, फुलपाखरासारखी फिरणारी झडप. दुसरी नळी क्रँककेसमधला वायू ओढून थ्रॉटलच्या पलीकडे, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये नेते. पहिल्या नळीत जवळपास बाहेरच्याइतकाच दाब असतो, त्यामुळे तिच्यात लहानशी चीर असली तरी अनेक गाड्यांत रेसवर फारसा परिणाम दिसत नाही. दुसरीची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन तर हवा ओढतच असतात, म्हणून मॅनिफोल्डमध्ये मोठी पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होते. इंजेक्शनच्या सिरिंजचे तोंड बोटाने दाबून तिचा दट्ट्या मागे ओढल्यावर बोटाला जी ओढ जाणवते तीच ही ओढ. तिथला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एक तृतीयांशच उरतो. या बाजूला कुठेही फट राहिली की बाहेरची हवा तिथून आत धाव घेते.

या दुसऱ्या नळीच्या वाटेवर पीसीव्ही नावाचा एक लहान एकमार्गी व्हॉल्व बसवलेला असतो. त्याच्या आत एक छोटा खिळ्यासारखा भाग आणि स्प्रिंग असते. आयडलवर व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो तेव्हा तो भाग ओढला जाऊन वाट अरुंद करतो आणि मोजकीच हवा जाऊ देतो. गाडी जोर लावते, व्हॅक्यूम कमी होतो आणि ब्लो-बाय वाढतो तेव्हा स्प्रिंग त्याला मागे ढकलते आणि वाट रुंद होते. मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका उडाला तर तो पूर्ण बंद होऊन क्रँककेसमधल्या वाफांना आग लागण्यापासून वाचवतो. काही गाड्यांत असा व्हॉल्व नसतोच, त्याऐवजी ठरावीक मापाचे एक बारीक छिद्र असते. दोन्ही प्रकारांत मूळ हेतू एकच आहे. आयडलच्या वेळी क्रँककेसमार्गे येणारी हवा इंजिन बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते, आणि ती त्या मापातच राहिली पाहिजे.

हे माप किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहिले की पटते. १,००० घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असताना त्याला मिनिटाला साधारण १०० ते १३० लिटर हवा पुरते. आता मॅनिफोल्डच्या बाजूच्या नळीला फक्त ३ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले असे धरले, तर बाहेरच्या आणि आतल्या दाबातील फरक एवढा मोठा असतो की त्या छिद्रात हवेचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत पोहोचतो, आणि त्या एवढ्याशा छिद्रातून मिनिटाला सुमारे ६० ते ७० लिटर हवा आत शिरते. म्हणजे इंजिनाच्या एकूण गरजेच्या निम्मी किंवा त्याहूनही अधिक हवा थ्रॉटलला वळसा घालून आत येते. छिद्र ६ मिलिमीटरचे झाले तर हवा चौपट होते. बोनेट उघडल्यावर ऐकू येणारी ‘सूऽऽ’ अशी बारीक, सतत शिट्टी याच वेगवान हवेची असते, आणि ‘गाडी हवा ओढून राहिली’ हे विदर्भातल्या मिस्त्रीचे निदान पाठ्यपुस्तकाइतकेच अचूक असते.

पण जास्त हवा आली म्हणजे रेस वाढेलच असे नाही, आणि येथे इंजिनाची हवा मोजण्याची पद्धत निर्णायक ठरते. काही गाड्यांत एअर फिल्टरनंतर लगेच हवा मोजणारा सेन्सर असतो. फटीतून आलेली हवा त्याच्या पुढे शिरल्यामुळे त्याला ती दिसतच नाही, इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत नाही, मिश्रण पातळ होते आणि इंजिन थरथरते, मिस मारते, कधी बंदही पडते. आपल्याकडच्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत मात्र मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. हवा थ्रॉटलमधून आली की फटीतून, हे त्याला कळत नाही. दाब वाढलेला दिसला की कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोल वाढवतो, आणि इंजिन अगदी सुरळीत, पण जोरात फिरू लागते. म्हणूनच या गाड्यांत ब्रीदरच्या नळीतला दोष वाढलेल्या रेसच्या रूपाने प्रकट होतो आणि गाडी ‘एकदम चांगली चालते, फक्त रेस जास्त आहे’ अशी फसवी तक्रार घेऊन येते. कॉम्प्युटर आयडलच्या वेळची हवा सोडणारा आयडल व्हॉल्व बंद करत नेऊन किंवा थ्रॉटल मिटवत नेऊन गती खाली आणू पाहतो, परंतु तो व्हॉल्व पूर्ण बंद झाल्यावर त्याच्या हाती काहीच उरत नाही. त्या अवस्थेत स्कॅनरवर बहुधा पी०५०७ हा, आयडल अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचा कोड उमटतो, आणि मिश्रण पातळ झाले असेल तर पी०१७१. रेस हेलकावे का खाते याचेही उत्तर इथेच आहे: थ्रॉटल बंद असताना गती एका मर्यादेपलीकडे गेली की कॉम्प्युटर ही उतारावरची गाडी आहे असे समजून पेट्रोल तोडतो, गती पडते, तो पुन्हा पेट्रोल सोडतो, गती चढते, आणि हे चक्र चालू राहते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे नळ्या बदलताना नेमके काय बिघडते याकडे वळता येते. सर्वाधिक दुर्लक्षित कारण काढून टाकलेल्या जुन्या नळीत दडलेले असते, म्हणून ती जुनी नळी भंगारात जाण्याआधी हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. ती ब्लेडने उभी चिरावी. आत काळपट, चिकट तेलाचा थर दिसतो. टोकाजवळ, जिथे क्लिप बसत होती, तिथे रबर टणक होऊन काचेसारखे तडकलेले असते. आणि काही गाड्यांत त्या थराखाली, नळीच्या साधारण मधल्या भागात, प्लॅस्टिकचा किंवा पितळेचा एक छोटा मणी घट्ट बसवलेला सापडतो, ज्याच्या मधोमध बारीक छिद्र असते. हा मणी म्हणजे हवेचे माप ठरवणारी जेट. बाहेरून नळी साधीच दिसते, तिला चिमटीत दाबले तरच मध्ये काही कठीण असल्याचे जाणवते. ती नळी टाकून देऊन तिच्या जागी दुकानातून मीटरवर कापून घेतलेली तेवढ्याच व्यासाची नळी लावली, की नळी नवी, क्लिपा नव्या, कुठे फट नाही, आणि तरीही रेस १,५०० वर. अशा वेळी फट शोधत तास घालवले जातात आणि दोष मात्र कचऱ्याच्या डब्यात पडून असतो.

नळीचे रबर कोणते आहे हाही गौण मुद्दा नाही. ब्रीदरमधून तेलाची वाफ जाते, म्हणून तिथे तेलाला टिकणारे नायट्राइल रबर लागते. रेडिएटरच्या नळीचे रबर पाण्याला आणि उष्णतेला उत्तम असले तरी तेलाने ते फुगते आणि मऊ पडते. गॅसच्या किंवा बागेच्या पीव्हीसी पाइपला तर बोनेटखालची उष्णता सोसवत नाही, उन्हाळ्यात तो वितळल्यासारखा मऊ होऊन व्हॅक्यूमने आत चपटा होतो किंवा निपलवरून सरकतो. रंगीत सिलिकॉन नळ्या दिसायला आकर्षक आणि उष्णतेला पक्क्या असतात, पण साध्या सिलिकॉनमधून तेल झिरपते, म्हणून ब्रीदरसाठी त्या योग्य नाहीत. कंपनीची नळी साच्यात वळवलेली असते आणि तिच्या जागी सरळ नळी वाकवून बसवली तर वळणावर ती मुडपते. मग वायुवीजन तुंबते आणि काही दिवसांनी टॅपेट कव्हरमधून तेल गळू लागते. जिल्ह्याच्या गावी कंपनीचा भाग त्याच दिवशी मिळतोच असे नाही, हे खरे आहे; तरीही दोन दिवस थांबून योग्य नळी मागवणे आणि हाताशी असलेली कोणतीही नळी लावणे यांत दुसरा पर्याय शेवटी महाग पडतो.

जोडणीतली अदलाबदल हे आणखी एक मोठे कारण आहे. थ्रॉटल बॉडीवर सारख्याच जाडीची दोन-तीन निपले असतात. एखादे झडपेच्या आधी, एखादे नंतर, आणि त्यांपैकी एकावर पेट्रोलच्या टाकीतली वाफ आणणारी कॅनिस्टरची नळी येते. कॅनिस्टरची नळी आणि ब्रीदरची नळी यांची जागा बदलली, किंवा पीसीव्ही व्हॉल्व पहिल्या नळीवर आणि मोकळी नळी मॅनिफोल्डवर गेली, तर संपूर्ण क्रँककेसच मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला जोडली जाते. मग इंजिन तेल ओढून जाळते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि क्रँकशाफ्टचे ऑइल सील आत ओढले जाऊन शिट्टीसारखा आवाज करते. व्हॉल्व उलटा बसला किंवा दुसऱ्या मॉडेलचा बसला तरी हवेचे माप चुकते. बाहेरून सारखे दिसणाऱ्या दोन व्हॉल्वांची स्प्रिंग वेगळी असू शकते.

सर्वांत न्याय्य रीतीने समजून घ्यावा असा प्रकार मात्र असा आहे की ज्यात नळी बदलणाऱ्याची काहीच चूक नसते. जुना पीसीव्ही व्हॉल्व लगद्याने जाम झालेला असतो, जुनी नळी आतून तुंबलेली असते, थ्रॉटलच्या कडेला काजळी जमलेली असते, आणि त्यामुळे इंजिनाला पुरेशी हवा न मिळून गाडी सिग्नलवर बंद पडत असते. त्या वेळी कुणीतरी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू थोडा आत फिरवून रेस ‘सेट’ केलेली असते. कॉम्प्युटरही आपल्या परीने तुंबलेल्या वाटांची सवय करून घेत आयडल व्हॉल्व जास्त उघडा ठेवायला शिकलेला असतो. नव्या नळ्यांनी आणि नव्या व्हॉल्वने योग्य तेवढी हवा पुन्हा सुरू झाली की या जुन्या तडजोडी उघड्या पडतात आणि रेस चढते. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीत हा स्क्रू मेकॅनिकनेच जुळवायचा असतो, त्यामुळे तिथे तो पुन्हा जुळवून घेणे हेच योग्य काम आहे. पण इंजेक्शनच्या गाडीत स्टॉप स्क्रू कारखान्यात ठरवून, अनेकदा रंगाचा ठिपका देऊन दिलेला असतो, आणि तो ठिपका तुटलेला दिसला तर पूर्वी कुणाचा तरी हात तिथे लागला आहे हे समजते.

कामाच्या ओघात शेजारच्या गोष्टीही हलतात, आणि त्या पाहिल्याशिवाय ब्रीदरला दोष देणे घाईचे ठरते. एअर फिल्टरची डबी बाजूला करताना ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाऊन थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. कूलंटच्या तापमान सेन्सरचा कनेक्टर सैल राहिला तर इंजिन थंडच आहे असे समजून कॉम्प्युटर रेस वाढवून ठेवतो. ब्रेक बूस्टरची जाड व्हॅक्यूम नळी निपलवर अर्धीच राहते, आणि तेव्हा रेसबरोबर ब्रेकही जड होतो, जी बाब तातडीने पाहण्याची आहे. ऑइल भरण्याचे झाकण किंवा डिपस्टिक नीट बसली नसेल तरी क्रँककेसमार्गे अवांतर हवा मिळते.

तपासणीचा क्रम असा असावा की प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची गरज ठरवील. इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, एसी आणि दिवे बंद ठेवावेत, कारण एसी चालू असताना थोडी वाढलेली रेस नैसर्गिकच आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी पहिल्या काही मिनिटांत १,२०० ते १,५०० फेरे असणे हाही दोष नव्हे. त्यानंतर पीसीव्ही व्हॉल्व आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली नळी, पक्कडीच्या जबड्यावर कापड गुंडाळून, हलकेच दाबून बंद करावी. रेस किंचित उतरली, तर व्यवस्था ठीक आहे आणि शोध दुसरीकडे घ्यावा. ती १,५०० वरून थेट ८०० वर आली, तर अवांतर हवा याच वाटेने येत आहे, आणि व्हॉल्व, हरवलेली जेट किंवा चुकीची जोडणी यांपैकी काही तरी आहे हे निश्चित होते. काहीच फरक पडला नाही, तर एकेक करून कॅनिस्टरची आणि इतर नळ्या अशाच दाबून पाहाव्यात. व्हॉल्व काढून कानाशी हलवल्यावर आत ‘खटखट’ वाजायला हवा; वाजला नाही तर तो जाम आहे, आणि वाजला तरी तो त्या गाडीचाच आहे याची खात्री होत नाही.

फट शोधण्यासाठी अनेक गॅरेजांत कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात, परंतु तो स्फोटक फवारा तापलेल्या सायलेन्सर मॅनिफोल्डवर पडला तर आग लागते, म्हणून हा मार्ग टाळणेच शहाणपणाचे आहे. स्प्रेच्या बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक तुषार विजेच्या भागांपासून दूर राहून सांध्यांवर मारला तरी फटीपाशी रेस क्षणभर बदलते. फूटभर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे सांध्याजवळ फिरवूनही शिट्टीची जागा सापडते; मात्र रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो, त्यामुळे हात, ओढणी, उपरणे यांची काळजी घेणे आवश्यक आहे. मोठ्या गॅरेजांत इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणारे यंत्र असते, आणि ते सर्वांत खात्रीचे. व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पुस्तकातला १७ ते २१ इंच पाऱ्याचा आकडा समुद्रसपाटीचा असतो, आणि यवतमाळ शहर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने निरोगी इंजिनाचे वाचनही तिथे सुमारे दीड इंचाने कमीच येते. वणीसारख्या वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या सखल गावी ही वजावट त्याहून कमी ठरते. हे न जाणता गेजवरचा कमी आकडा पाहून इंजिन उघडले गेले तर तो मालकावर अन्यायच होय.

यवतमाळच्या संदर्भात या दोषाची खरी किंमत रेसपेक्षा धुळीत मोजावी लागते. फटीतून येणारी हवा मोजलेली नसते, तशी ती गाळलेलीही नसते. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ डांबरी-सिमेंटचा असला तरी तिथून आतल्या गावांकडे वळणाऱ्या रस्त्यांवर काळ्या मातीची बारीक धूळ असते, वणी परिसरात कोळशाच्या ट्रकांमागे काळी भुकटी उडते, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू एअर फिल्टरवर थर धरतात. फिल्टर असा भरलेला असेल तर इंजिनाची ओढ वाढते आणि फट असेल तिथून अधिक हवा शिरते. धुळीतले सिलिकाचे कण सिलिंडरच्या भिंतींवर आणि रिंगांवर घासतात, रिंगा झिजल्या की ब्लो-बाय वाढतो, ब्लो-बाय वाढला की ब्रीदरवरचा ताण वाढतो आणि नळ्या पुन्हा लवकर खराब होतात. चाळीस रुपयांच्या क्लिपकडे केलेले दुर्लक्ष शेवटी इंजिन बांधण्याच्या खर्चाला कसे जाऊन भिडते, याची साखळी ही अशी आहे.

ग्रामीण भागात बोलेरो, मालवाहू गाड्या आणि ट्रॅक्टर यांची संख्या पाहता डिझेल इंजिनाबद्दल वेगळे सांगणे भाग आहे, कारण वरचे बहुतेक विवेचन त्याला लागू पडत नाही. डिझेल इंजिनाची गती हवेवर नव्हे तर आत सोडल्या जाणाऱ्या डिझेलच्या मात्रेवर ठरते, म्हणून ब्रीदरच्या नळीतल्या फटीने त्याची रेस वाढत नाही. वाढलीच तर केबल, पंप किंवा गव्हर्नर पाहावा. पण ब्रीदरची नळी टर्बोच्या ओढीला जोडलेली असताना तेल जास्त भरले गेले किंवा ब्लो-बाय फार वाढला, तर इंजिन ते तेलच इंधन म्हणून जाळू लागते आणि चावी बंद केली तरी रेस चढतच जाते. अशा वेळी इंजिनासमोर उभे राहू नये. हाताच्या गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच एकदम सोडून ते बंद पाडावे लागते, किंवा हवेची वाट जाड, सपाट वस्तूने झाकावी लागते. उघडा हात किंवा कापड तिथे कदापि नेऊ नये, कारण टर्बो ते आत ओढतो.

पेट्रोल गाडीत दोष सापडून दूर झाल्यावरही कॉम्प्युटरने शिकलेली जुनी सवय काही काळ टिकते. स्कॅनरने आयडलचे शिक्षण पुसता येते. स्कॅनर नसेल तर पुस्तकात सांगितलेल्या रीतीने बॅटरीची निगेटिव्ह तार काही वेळ काढून पुन्हा जोडावी, मग इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटरला स्पर्श न करता पूर्ण गरम होऊ द्यावे, थोडा वेळ एसी लावून आणि थोडा वेळ बंद ठेवून चालू द्यावे. कोणत्या गाडीत काय क्रम आहे हे मॉडेलनुसार बदलते, आणि रेडिओचा कोड लागणाऱ्या गाड्यांत तो आधी हाताशी असावा. नवे रबर क्लिपखाली थोडे बसते, त्यामुळे काही दिवसांनी क्लिपा पुन्हा एकदा तपासून गरजेपुरत्या आवळाव्यात. अती आवळल्याने नळी कापली जाते.

काम पूर्ण झाले की नाही याची स्वतंत्र साक्ष पीयूसी केंद्रावर मिळते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार बीएस-४ पेट्रोल कारच्या धुरात आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपेक्षा आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपेक्षा जास्त असू नये, तर मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर लॅम्डा, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा आकडा, १ च्या वर-खाली ०.०३ च्या आत राहावा अशी अपेक्षा आहे. अवांतर हवा अजूनही येत असेल तर कार्बन मोनॉक्साइड कमीच दिसतो आणि मालक निश्चिंत होतो. परंतु मिश्रण पातळ झाले असेल तर लॅम्डा वर सरकलेला असतो आणि मिस होत असेल तर हायड्रोकार्बन वाढलेले असतात. म्हणून प्रमाणपत्रावरचा ‘पास’ हा शिक्का पाहून थांबण्याऐवजी ते तीनही आकडे मेकॅनिकला दाखवावेत, आणि पुढच्या वेळी नळ्या बदलल्या जातील तेव्हा तुलनेसाठी ते प्रमाणपत्र गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावे.